लॉर्डसाहेबांचा अर्ज

लॉर्डसाहेबांनी वयाच्या एकाहत्तराव्या वर्षापर्यंत एकही अर्ज केला नव्हता. शाळेसाठी नाही, नोकरीसाठी नाही, रजेसाठी तर नाहीच. शाळेत त्यांचं नाव म्हणे ते पाळण्यात असतानाच आजोबांनी घालून ठेवलं होतं. हे सगळं मला कतारमध्ये, दोह्यातल्या आमच्या ऑफिसात एका रविवारी सकाळी कळलं. आठवड्याचा पहिला दिवस, ई-मेलचा ढीग पडलेला, आणि हे माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा खिडकीतून खालच्या रस्त्याकडे. मग हळूच म्हणाले, “तुम्हाला अर्ज लिहिता येतो का?”

मला अर्ज लिहिता येतो का! नाशिकजवळच्या एका तालुक्याच्या गावी मी आठवी-नववीत असल्यापासून अर्ज लिहीत आलोय. नळाच्या कनेक्शनचे, रेशनकार्डावर नाव चढवण्याचे, बदली रद्द करण्याचे, बदली करण्याचे. आळीतले लोक मला संध्याकाळी ओट्यावर बसवून लिहून घ्यायचे. “वरील विषयास अनुसरून” हे शब्द मी आईच्या नावाइतक्या सहजतेनं लिहू शकतो. पण एका इंग्लिश लॉर्डाला माझ्याकडून अर्ज लिहून घ्यायची वेळ येईल, असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आमची कंपनी इंजिनिअरिंगमधल्या सल्ल्याचं काम करते आणि लॉर्डसाहेब तिच्या संचालक मंडळावर आहेत. महिन्यातून एक आठवडा ते दोह्यात येतात. मी ऑफिसचा कारभार बघतो, त्यामुळे त्यांची पत्रं, भाषणं, भेटीगाठी, गाडी, सगळं माझ्याच गळ्यात. टायपिंग ते एका बोटानं करतात आणि तेसुद्धा रागावल्यासारखं. पहिल्या दिवशी मी त्यांना “माय लॉर्ड” म्हणालो, कोर्टात म्हणतात तसं. ते इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं. “सर पुरे,” म्हणाले. “घरी बायको तेवढंही म्हणत नाही.”

माणूस वाईट नव्हता. पण मी त्यांच्यावर मनातून खार खाऊन होतो, आणि हे आधीच सांगितलेलं बरं.

त्यांच्या पणजोबांनी कुठल्याशा पंतप्रधानाला अडचणीच्या वेळी मदत केली, म्हणून त्या घराण्याला किताब मिळाला आणि किताबाबरोबर ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहात जागा. पणजोबांची जागा आजोबांना, आजोबांची वडिलांना. पुढं तिथल्या सरकारनं असे बहुतेक वारसदार काढून टाकले, थोडेसे ठेवले. त्या थोड्यांतला कोणी वारला की त्याच्या जागी निवडणूक व्हायची. उमेदवार वारसदारच, मतदारही वारसदारच. लॉर्डसाहेब निवडून आले त्या निवडणुकीत उमेदवारांपेक्षा मतदार कमी होते, हे त्यांनी स्वतः मला डोळे पुसत पुसत सांगितलं. त्यांचं नाव एका चुलतभावानं पुढं केलं होतं. स्वतःविषयी चार ओळी लिहून देण्याची सोय होती. यांनी तीही दिली नाही. “सगळे ओळखतात की मला!” म्हणाले.

मी हसलो, पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझे वडील एका पक्षाचे कार्यकर्ते होते. सभा असली की सतरंज्या घालायच्या, सभा संपली की उचलायच्या, हे त्यांनी केस पांढरे होईपर्यंत केलं. नगरपालिकेच्या प्रत्येक निवडणुकीआधी ते मला समोर बसवून तिकिटाचा अर्ज लिहून घ्यायचे. माझं अक्षर चांगलं होतं. एकदा तिकीट पुढाऱ्याच्या पुतण्याला गेलं, एकदा सुनेला, एकदा नुकत्याच पक्षात आलेल्या माणसाला. बाबा गेले तेव्हा पक्षानं अंगावर झेंडा घातला. तोही संध्याकाळी परत मागून नेला.

त्यामुळे वारशानं खुर्चीत बसलेला माणूस दिसला की मला तो पुतण्या आठवतो. ब्रिटनमध्ये नवं सरकार आलं आणि उरलेसुरले वारसदारही घरी पाठवायचा कायदा होणार असं वाचलं, तेव्हा खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. अल नस्रमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये बायको पोहे करत होती. मी मोठ्यानं म्हणालो, “चला, एक तरी घराणं बसलं खाली.” ती म्हणाली, “त्याची गाडी, त्याची तिकिटं बघणारे तुम्हीच ना? तो खाली बसला तर तुम्ही कुठं बसणार?” मुलगी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, “बाबा, दॅट्स सो मीन.” पोह्यांत लिंबू कमी होतं, ते मी मागून घेतलं आणि विषय बदलला.

आता त्या रविवारी लॉर्डसाहेब माझ्यासमोर उभे होते ते याच कायद्यामुळं. वारसदार जाणार हे नक्की झालं होतं. पण प्रत्येक पक्षाला आपल्यातल्या काहींना परत आत घेता येणार होतं, त्या माणसाच्या हयातीपुरतं, मुलाबाळांसाठी नाही. नावं पक्षाध्यक्ष ठरवणार होते. जागा मोजक्या, इच्छुक जास्त. ज्यांना राहायचंय त्यांनी तसं कळवावं, असा निरोप फिरत होता.

“कळवलंत का?” मी विचारलं.

त्यांनी एक कागद पुढं केला. त्यावर त्यांच्या अक्षरात एकच वाक्य होतं. उपयोग होणार असेल तर राहायला आवडेल, नसेल तर काही हरकत नाही, अशा अर्थाचं.

मी कपाळाला हात लावला. “सर, हे वाचून कोणी तुम्हाला पाण्याचा ग्लाससुद्धा देणार नाही.”

“मग काय लिहितात?”

ते खुर्चीत बसले, लगेच उठले, ब्लॅकबेरीच्या काळापासून जपलेला जुना फोन उजव्या खिशातून डाव्या खिशात ठेवला. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. तिथं जाणं हेच त्यांचं आयुष्य होतं. वडिलांनी सांभाळलेली जमीन विकली गेली होती, घराचा अर्धा भाग भाड्यानं दिला होता, मुलगा ऑस्ट्रेलियात. सोमवार ते गुरुवार त्या लाल बाकांवर जाऊन बसायचं, समितीत प्रश्न विचारायचे, जेवणाच्या खोलीत ठरलेल्या टेबलावर ठरलेल्या माणसांबरोबर बसायचं, एवढंच त्यांच्याकडे उरलं होतं. “ते गेलं तर मी सकाळी उठून कुठं जायचं?” ते म्हणाले. असा प्रश्न आखातातला प्रत्येक माणूस निवृत्तीच्या आदल्या वर्षी विचारतो. मी कीबोर्ड पुढं ओढला. म्हणालो, “बसा. लिहू या.”

अर्ज लिहायला आम्हाला दोन दिवस लागले. मी त्यांना शिकवलं. आधी आभार मानायचे. मग केलेली सेवा सांगायची, पण आपण सांगतोय असं वाटू न देता. मग निष्ठा, मग नम्रता, शेवटी संधी द्यावी ही विनंती. मध्ये कुठंही “मला वाटतं” येता कामा नये. ते शहाण्या विद्यार्थ्यासारखे मान हलवत होते, आणि दर दहा मिनिटांनी उठून खिडकीपाशी जात होते.

“‘आपल्या समर्थ नेतृत्वाखाली’ हे काय आहे?” त्यांनी मसुदा वाचताना विचारलं.

“ते लागतंच, सर.”

“अहो, तो माझ्या मुलाच्या वर्गात होता. भूगोलात नापास व्हायचा.”

“राहू द्या, सर. त्याला आवडेल.”

त्यांनी राहू दिलं. मग एका जागी आम्ही अडलो, आणि आजही मला झोपेतून जाग येते ती त्या जागेमुळं.

तिथं पक्षाची शिस्त अशी असते: दर आठवड्याला प्रत्येकाला एक कागद येतो, येत्या मतदानांची यादी. मतदान जेवढं महत्त्वाचं तेवढ्या त्याखाली रेघा. एक रेघ म्हणजे आलात तर बरं. दोन म्हणजे या. तीन रेघा म्हणजे अंथरुणावरून उठून या आणि पक्ष सांगेल त्या दारानं जा. मत द्यायचं म्हणजे तिथं खरोखरच चालत जायचं असतं, होकाराचा एक बोळ आणि नकाराचा दुसरा. लॉर्डसाहेब वीसएक वर्षं पक्षाच्या बोळातून मुकाट गेले होते. यायचं नसलं की प्रतोदाला फोन करून सांगायचे, “मी नाही येत.” परवानगी मागायचे नाहीत, सांगायचे. वारशाची खुर्ची, ती कोण काढून घेणार?

फक्त एकदा ते तीन रेघांच्या विरुद्ध गेले, आणि ते आमच्या ड्रायव्हरमुळं.

ड्रायव्हर रायगडचा, मुरुडजवळच्या गावचा मुसलमान. पंचावन्नच्या पुढचा. मी त्याला चाचा म्हणतो. दोह्याच्या कडेला मुऐदरमध्ये एका व्हिलात भिंती घालून पाडलेल्या खोल्यांतल्या एका खोलीत आठ जण राहतात, त्यांतला हा एक. कतारमध्ये वीसहून जास्त वर्षं. त्याच्या पगारात कुटुंबाचा व्हिसा बसला नाही, म्हणून बायको तिकडं, हा इकडं, दोन वर्षांतून एकदा सुट्टी. एकदा विमानतळावरून येताना लॉर्डसाहेबांनी त्याला विचारलं, मुलं किती, कुठं असतात. चाचानं मोडक्या इंग्रजीत सांगितलं. नंतर तो घाबरून माझ्याकडे आला. “साहेब, मी जास्त काय नाय बोल्लो. फक्त एवढाच सांगितला का धाकल्या पोरीचा निका मोबाइलवर बघितला, आणि मधीच नेट गेला. त्ये एकदम गप बसले. कंपलेंट तं नाय ना करणार?”

तक्रार नाही केली. त्याच महिन्यात त्यांच्या सभागृहात एक नियम आला होता, परदेशातून कामाला आलेल्यांनी बायकापोरं आणू नयेत, असा. पक्षाचा व्हिप तीन रेघांचा. लॉर्डसाहेब उठले आणि दुसऱ्या बोळातून गेले. पुढच्या खेपेला आले तेव्हा मला म्हणाले, “तुमच्या ड्रायव्हरला सांगा, मी नकार दिला.” नियम तरीही मंजूर झाला, पण चाचाला त्याचं काही नव्हतं. एका लॉर्डानं आपल्या पोरीच्या निक्यापायी आपला पक्ष सोडून मत दिलं, ही गोष्ट त्यानं मुऐदरच्या त्या खोलीत किती वेळा सांगितली असेल देव जाणे. नवा माणूस राहायला आला की त्याला ती आधी ऐकावी लागायची. मलाही ती आवडायची. लॉर्डसाहेबांवरची माझी खार निम्मी कमी झाली ती त्या मतामुळं.

आणि आता अर्ज सांगताना ते म्हणाले, “ते मत लिहा. वीस वर्षांत मी स्वतः ठरवलेली तेवढी एकच गोष्ट आहे.”

मी टायपिंग थांबवलं. “सर, अर्जात असं लिहीत नाहीत.”

“का? खोटं आहे का?”

“खरं आहे म्हणूनच. त्यांच्याकडे तुमच्यासारखे दहा जण आहेत. जो कधीच वाकडा गेला नाही त्याला घेतील. तुम्हीच आठवण करून देणार की मी एकदा वाकडा गेलो होतो?”

“पण मग त्यांना वाटेल, मी कधीच...”

“वाटू दे.”

ते खिडकीपाशी गेले. बाहेर धुळीमुळं समोरच्या इमारतींची वरची टोकं दिसत नव्हती. त्यांनी खिशातून फोन काढला, बघितला, परत ठेवला. मला त्यांचा राग आला होता. वाटत होतं, माझ्या बापाला एकदा तरी असा कोणी भेटला असता, काय गाळायचं ते सांगणारा. बाबांच्या अर्जात नेहमी एक वाक्य असायचं, की अमुक साली मी पाणीप्रश्नावर पक्षाविरुद्ध मोर्चा काढला होता. लोकांसाठी काढला होता, म्हणून त्यांना तो मानाचा वाटायचा. ते वाक्य मी माझ्या सुंदर अक्षरात दर वेळी लिहिलं. कोवळा होतो, कळत नव्हतं. आता कळत होतं.

“बरं,” लॉर्डसाहेब न वळता म्हणाले. “तुम्हाला यातलं जास्त कळतं.”

मी ते वाक्य काढलं. त्या जागी लिहिलं की पक्षाशी त्यांची निष्ठा इतक्या वर्षांत कधीही ढळलेली नाही. त्यांनी वाचलं, पेनाचं टोपण दोनदा उघडलं, बंद केलं, आणि सही केली.

त्यानंतरचे दोन महिने वाट बघण्यात गेले. आले की पहिला प्रश्न, “काही पत्र?” मीटिंगमध्ये फोन टेबलावर उताणा. जेवायला गेले की अर्ध्यातून उठायचे. एका गुरुवारी दुपारी म्हणाले, “गाडी काढा, कुठंतरी जाऊ.” चाचा पुढं, मी त्याच्या शेजारी, ते मागं. चाचानं अल वक्राला नेलं. समुद्राकाठी गाडी थांबवली. लॉर्डसाहेबांनी दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला, गरम वारा आत आला, त्यांनी पाय परत आत घेतला. “यल्ला,” म्हणाले, ‘चला’साठीचा अरबी शब्द, चाचाकडून शिकलेला. “परत चला.” परत येताना मेट्रोच्या पुलाजवळ म्हणाले, “नाही, पुन्हा समुद्राकडे घ्या.” चाचानं आरशातून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. आम्ही परत वळलो.

आणि फोन वाजला.

ते बोलत होते त्यातलं मला एकेक शब्द ऐकू येत होता, आणि तो प्रत्येक शब्द माझा होता. आपला अत्यंत आभारी आहे. ही संधी हा माझा बहुमान. आपल्या नेतृत्वाखाली. मी गाडीत ताठ बसलो होतो. जणू तिकीट माझ्याच घरात येणार होतं. फोन बंद झाला.

“मिळालं,” ते म्हणाले. 

चाचानं गाडी बाजूला घेतली आणि मागं वळून, कधी नव्हे तो, त्यांचा हात हातात घेतला. “मुबारक, सर! मुबारक!” मग कोपऱ्यावरच्या टपरीतून तीन करक चहा घेऊन आला, वेलदोड्याचा, साखर मरणाची. लॉर्डसाहेब कागदी पेल्यातून पीत होते, आणि मला म्हणाले, “पत्र फार आवडलं म्हणे. विशेषतः माझी निष्ठा.” मग ते चहाकडे बघत राहिले. मीही दुसरीकडे बघितलं. पण माझ्या मनात आनंद मावत नव्हता. घरी गेल्यावर बायकोला म्हणालो, “माझ्या अर्जाला शेवटी तिकीट मिळालं.” तिनं विचारलं, “कोणाला?” मी म्हणालो, “कोणाला का असेना.”

पुढं त्यांनी नव्यानं शपथ घेतली, लाल झगा घालून. मला फोटो पाठवला. मी तो ऑफिसात सगळ्यांना दाखवला.

मग काही महिन्यांनी तोच नियम, जास्त कडक होऊन, परत आला. कामाला आलेल्यांची बायकापोरं, आईबाप, कोणीच नाही. पक्षानं पाठिंबा ठरवला आणि तीन रेघा मारल्या. चाचानं हे कुठल्याशा मोबाइलवरच्या बातमीत ऐकलं आणि तो सकाळीच माझ्या टेबलापाशी आला. खूश होता. “परत आलाय बघा त्यो कायदा. आता आपले साहेब दावतील त्यांना. आता तं पक्की खुर्ची हाय ना त्यांची?”

“पक्की आहे,” मी म्हणालो. आणि ती खरंच पक्की होती. एकदा आत घेतलं की हयातभर. पक्षाध्यक्षांना वाटलं तरी काढता येत नाही. हे मला माहीत होतं, लॉर्डसाहेबांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी लंडनहून त्यांची ई-मेल आली. “हे जरा तपासून द्याल का?” सोबत प्रतोदाला लिहिलेला मसुदा होता. आपला अमूल्य वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व. मतदानाच्या दिवशी डोळ्यांची तपासणी असल्यानं अनुपस्थित राहण्याची परवानगी द्यावी, ही नम्र विनंती. आपल्या सहृदय विचारासाठी कायम ऋणी राहीन. खाली मला वेगळं विचारलं होतं: “डोळे पुरेत का, की घरातलं कोणी आजारी आहे असं लिहू?”

मी ते दोनदा वाचलं. डोळ्यांची तपासणी नव्हती, हे सांगायची गरज नव्हती. विरुद्ध जायचं धाडस होत नव्हतं, पक्षाच्या बोळातून जाववत नव्हतं, म्हणून माणूस सुट्टी मागत होता. “मी नाही येत” म्हणून फोन ठेवणारा माणूस. आणि मसुदा असा बिनचूक होता की माझ्या हातचा वाटावा. मी तेव्हा काय करायला हवं होतं ते आता चांगलं कळतं. फोन उचलून म्हणायला हवं होतं, सर, अर्ज कशाला, तुमच्या खुर्चीला कोणी हात लावू शकत नाही, सरळ दुसऱ्या दारानं जा. मी काय केलं? मी मसुदा सुधारला. लिहिलं, “डोळ्यांपेक्षा दाढ बरी. डोळ्यांना कोणी तातडीचं समजत नाही.”

दाढही चालली नाही. प्रतोदाचं उत्तर दोन ओळींत आलं. दाढ परवा काढा.

लॉर्डसाहेबांचा फोन आला तेव्हा मी पार्किंगमध्ये होतो. उन्हात उभा राहून बोललो. ते इकडचं तिकडचं बोलले, हवा विचारली. मग म्हणाले, “तुमच्याकडे रजा नाकारली की काय करतात?”

मी जराही विचार केला नाही. इतकी वर्षं ज्याचं उत्तर देतोय त्याचा काय विचार करायचा?

“कामावर येतात, सर.”

 “हो,” ते म्हणाले. “बरोबर आहे. त्यांनी मला घेतलं, आणि मीच मागितलं होतं. आता नाही कसं म्हणू?” आणि फोन ठेवला. मी गाडीला टेकायला गेलो, पत्रा इतका तापला होता की हात भाजला.

मतदानाची यादी दुसऱ्या दिवशी वेबसाइटवर लागली. कोण कोणत्या दारानं गेलं, नावानिशी. मी त्यांचं नाव आधी नकारात शोधलं. मग गैरहजेरीची आशा धरून सगळी यादी परत वाचली. मग होकारात शोधलं. तिथं होतं.

मला स्वतःची शिसारी आली. पुढाऱ्याच्या पुतण्याला शिव्या देत मी लहानाचा मोठा झालो, आणि ज्याला कोणासमोर वाकायची गरज नव्हती अशा एका माणसाला मी कमरेत वाकायला शिकवलं. मला वाटलं होतं, मी त्याला खुर्ची मिळवून दिली.

दुपारी चाचा आला. लॉर्डसाहेब रविवारी येणार होते, विमानाची वेळ विचारायला. पण विचारलं ते आधी दुसरंच. “काय झाला कालचा? दिलानी का दणका?”

मी सांगितलं. त्याला पहिल्यांदा कळलंच नाही. “म्हंजे त्यांच्या बाजूनी?”

“हो.”

“आपल्या साहेबांनी?”

“हो, चाचा.”

तो टेबलाची कड धरून उभा राहिला. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. “रूमवर सात मानसं बसलीत साहेब, मोबाइल घेऊन,” तो म्हणाला. “मीनीच सांगितला होता त्यांना, बघा म्हणून. आता काय सांगू?”

मी खूप शोधलं. पक्ष, शिस्त, तीन रेघा, अर्जातलं गाळलेलं वाक्य, माझे वडील. यातलं काहीच त्या खोलीत नेण्यासारखं नव्हतं.

“सांगा,” मी म्हणालो, “साहेबांनी सुट्टी मागितली होती. मिळाली नाही.”

चाचाचा चेहरा एकदम सैल पडला. त्यानं काहीच विचारलं नाही. कोणी नाही दिली, का नाही दिली, लॉर्डाला सुट्टी कशाला लागते, काही नाही. त्यानं नुसती मान हलवली, आणि मलाच समजावल्यासारखा म्हणाला, “हां. मग काय करनार. सुट्टी नाय तं नाय. आमाला कलतं त्ये.”